पत, ऐपत आणि तीन आकडी गुणांक

मराठीत ‘पत’ आणि ‘ऐपत’ हे दोन शब्द जोडीने वावरतात. परंतु त्यांचा अर्थ एक नव्हे. ऐपत म्हणजे सामर्थ्य. घरात किती येते, किती जाते आणि नव्या हप्त्याचा भार उचलण्यास किती उरते, याचा तो हिशेब. पत म्हणजे विश्वास. घेतलेले परत करणारा माणूस, अशी बाजारातील ख्याती. भरपूर मिळकत असून पत नसलेले गृहस्थ असतात आणि तुटपुंज्या पगारात सचोटीने व्यवहार करून पत राखणारे कारकूनही असतात. पेठेतल्या वाण्याला हा भेद कोणी शिकवावा लागत नसे. उधार कोणास द्यावे आणि किती द्यावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्याची वहीच त्यास सांगत असे.

ती वही आता संगणकात गेली आहे आणि तिच्यातून तीन आकडी एक संख्या बाहेर पडते. तिला पतगुणांक म्हणतात. बोलण्यात मात्र सर्रास ‘सिबिल’ असेच म्हटले जाते. वनस्पती तुपाच्या कोणत्याही डब्याला एके काळी ‘डालडा’ म्हणत, तसाच हा प्रकार. हा गुणांक पूर्वी बँकेच्या अधिकाऱ्यालाच ठाऊक असे. आज तो मोबाईलवर, एक पैसाही न देता, कोणासही पाहता येतो. सोय उत्तम आहे. परंतु मोबाईलवर दिसलेला आकडा आणि बँकेने पाहिलेला आकडा पुष्कळदा जुळत नाहीत आणि मग सामान्य माणूस गोंधळून जातो.

मडगावच्या एका शिक्षक दांपत्याचे उदाहरण कल्पनेने घ्यावे. सदनिका पसंत झाली, विसार देऊन झाला. अर्ज पतीच्या नावे करावयाचा होता. त्याने मोबाईलवरील एका ॲपवर आपला गुणांक पाहिला, तो निघाला ७८१. शेजारी हिरवा रंग आणि ‘उत्तम’ असा शेरा. निर्धास्त मनाने दोघे बँकेत गेली. आठवड्याने अधिकारी म्हणाले, “सर, आपला गुणांक ७२४ आहे. कर्ज मिळेल, पण व्याज अर्धा टक्का अधिक पडेल.” कोणीतरी खोटे बोलत आहे, असे त्या दोघांना वाटले, तर त्यात नवल नाही. वस्तुतः कोणीच खोटे बोलत नव्हते.

अर्धा टक्का ऐकावयास क्षुल्लक वाटतो. तीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये होतो. तेच नऊ टक्क्यांनी घेतले, तर २६,९९२. दरमहा फरक साडेनऊशे रुपयांचा. दर कायम राहिले असे धरले, तर वीस वर्षांत ही रक्कम सुमारे २ लाख ३० हजारांवर जाते. एका मुलाच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा बराचसा खर्च त्यात निघाला असता. तेव्हा हे दोन आकडे वेगळे का, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

प्रथम हा आकडा येतो कोठून, ते पाहणे इष्ट. अमेरिकेत १९५६ साली बिल फेअर नावाचे अभियंते आणि अर्ल आयझॅक नावाचे गणितज्ञ यांनी मिळून एक कंपनी काढली. मागील कर्जदारांच्या वागणुकीवरून पुढील कर्जदाराची परतफेड गणिताने अजमावता येईल, ही त्यांची कल्पना. सर्व सावकारांनी वापरावा असा त्यांचा सर्वसाधारण गुणांक, ज्याला त्या देशात ‘फायको’ म्हणतात, तो १९८९ साली प्रचारात आला. भारतात सिबिल ही कंपनी २००० साली स्थापन झाली आणि २००७ साली तिने बँकांसाठी गुणांक उपलब्ध केला. ‘बँकांसाठी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हा आकडा मुळात कर्जदाराने पाहून समाधान मानावे म्हणून निर्माण झालाच नव्हता. तो सावकाराचे हत्यार होते. ते कर्जदाराला दाखवण्याची रीत पुढे सुरू झाली.

सिबिल ही एकटीच कंपनी नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. २००५ च्या पतविषयक माहिती कंपन्यांच्या कायद्याखाली एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि हाय मार्क यांनाही २०१० साली रिझर्व्ह बँकेने परवाने दिले. यांपैकी हाय मार्क आज क्रिफ हाय मार्क या नावाने ओळखली जाते आणि सिबिलचे नाव ट्रान्सयुनियन सिबिल असे झाले आहे. चौघींचा गुणांक ३०० ते ९०० या एकाच पट्टीवर मोजला जातो आणि खरी फसगत येथेच होते. बेळगावचा विद्यार्थी दहावीला ६२५ पैकी गुण घेऊन आला आणि कोल्हापूरचा ५०० पैकी, तर दोहोंची तुलना करण्यापूर्वी टक्केवारी काढावी लागेल, हे कोणासही कळते. कारण पट्टी उघडच वेगळी दिसते. येथे पट्टी एकच दिसते. म्हणून ७८१ आणि ७२४ हे एकाच परीक्षेचे गुण आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात परीक्षक निराळे, गुण देण्याची रीत निराळी आणि कित्येकदा उत्तरपत्रिकेची पानेदेखील सारखी नसतात.

पाने सारखी का नसावीत? त्याची कारणे साधी आहेत. २०१५ पूर्वी बँकेने या कंपन्यांपैकी किमान एकीचे सभासद असणे पुरेसे होते. त्या वर्षाच्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने चारही कंपन्यांचे सभासद होणे आवश्यक केले. तरीही बँकांनी पाठविलेली माहिती प्रत्येक कंपनी आपल्या रीतीने जुळवून घेते. नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक, पत्ता, दूरध्वनी यांवरून ‘हा तोच मनुष्य’ असे यंत्राने ठरवावयाचे असते. गोव्यात डिसोझा हे एकच आडनाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिले जाते, हे शाळेची हजेरीपत्रके चाळणाऱ्याला ठाऊक आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे वडिलांचे नाव मध्ये घालावे की गाळावे, याविषयी एकाच घरातील दोन भावांच्या कागदपत्रांत एकवाक्यता नसते. हैदराबादेत आद्याक्षरे पुढे जातात. जुन्या कर्जावर पॅन क्रमांक नसेल, पत्ता भाड्याच्या घराचा असेल, तर एका कंपनीच्या यंत्राने ते कर्ज त्या माणसाच्या खात्यास जोडलेले असते आणि दुसरीच्या यंत्राने नसते.

काळाचाही फरक पडतो. बँका आपली माहिती एका ठराविक अंतराने पाठवितात. पूर्वी हे अंतर महिन्याचे असे. १ जानेवारी २०२५ पासून ते पंधरवड्यावर आणण्यात आले. परंतु मोबाईलवरील ॲप ती नवी माहिती लगेच मागवून घेईलच, असे नाही. पुष्कळ ठिकाणी आकडा महिन्यातून एकदाच बदलतो. दिवाळीच्या खरेदीत क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम चढली असेल, तर ॲपवर आश्विनातला गुणांक दिसत असतो आणि बँक कार्तिकातला पाहते.

आणि मग रीत. उशिरा भरलेल्या हप्त्याला किती वजन द्यावे, कार्डाच्या मर्यादेपैकी किती भाग वापरात आहे यास किती, जुन्या खात्यांना किती, नुकत्याच केलेल्या अर्जांना किती, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरविते आणि वेळोवेळी त्यात सुधारणा करते. सुधारलेली रीत बाजारात आली, म्हणून प्रत्येक सावकार ती लगेच स्वीकारतोच असे नाही. या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तेथे फायकोच्या नव्या आवृत्त्या निघत गेल्या. परंतु गृहकर्जाच्या बाजारात वीस वर्षांहून जुन्या आवृत्त्या चालत राहिल्या. मोटारीच्या कर्जासाठी आणि कार्डासाठी तर निराळेच गुणांक निघाले आणि त्यांची पट्टी २५० ते ९०० अशी, मूळ गुणांकाची मात्र ३०० ते ८५०. शिवाय तेथील तीन मोठ्या माहिती कंपन्यांनी मिळून २००६ साली व्हँटेजस्कोअर नावाचा स्वतंत्र गुणांक काढला. फुकट दाखविणाऱ्या अनेक ठिकाणी हाच दिसतो. सावकार मात्र बहुधा फायकोवर विसंबतो.

त्या देशातील ग्राहकांच्या आर्थिक हितरक्षणासाठी नेमलेल्या सरकारी कार्यालयाने २०१२ साली तीनही कंपन्यांकडील प्रत्येकी दोन लाख नोंदी तपासल्या. ग्राहकाला विकला जाणारा गुणांक आणि सावकार घेतो तो गुणांक यांची तुलना केली असता, पाचांपैकी एका ग्राहकाच्या बाबतीत फरक अर्थपूर्ण असू शकेल, असे दिसून आले. पाचांपैकी चौघांचे चित्र दोन्हीकडे साधारण सारखे येते, ही त्यातली दिलाशाची बाजू. परंतु आपण त्या चौघांत की पाचवे, हे अर्ज करण्यापूर्वी कळण्यास मार्ग नसतो. पुढे जानेवारी २०१७ मध्ये त्याच कार्यालयाने ट्रान्सयुनियन आणि इक्विफॅक्स या कंपन्यांवर आदेश काढला. ग्राहकांना विकलेला गुणांक सावकार वापरतात तोच आहे, असा आभास त्यांनी निर्माण केला, हा त्यांच्यावरील ठपक्याचा एक भाग होता. ग्राहकांना १ कोटी ७६ लाख डॉलरांहून अधिक परत करण्याचा आणि ५५ लाख डॉलर दंड भरण्याचा तो आदेश होता. या दोन्ही कंपन्यांचे व्यवहार भारतातही आहेत. अर्थात तो आदेश अमेरिकेतील विक्रीपुरता होता.

येथवर झाली ती केवळ पत. बँकेचा अधिकारी ऐपतही पाहतो आणि तिचा गुणांकाशी काही संबंध नाही. पगार किती आहे, हे पतगुणांकात येत नाही. बँकेत ठेव किती, घर स्वतःचे की भाड्याचे, नोकरी कायम की कंत्राटी, यांपैकी कशाचीच त्यात गणना नसते. म्हणून मोठ्या बँका कंपनीकडून आलेला आकडा जसाच्या तसा घेऊन थांबत नाहीत. त्यांचे स्वतःचे मूल्यमापनाचे तक्ते असतात. त्यांत कंपनीचा गुणांक हा एक रकाना. शेजारी उत्पन्न, वय, चालू हप्त्यांचा पगारावरील भार, सहअर्जदाराची मिळकत आणि त्याच बँकेत खाते असल्यास त्या खात्याची चालचलणूक. हा अंतिम आकडा कर्जदाराला कोणत्याही ॲपवर दिसत नाही. तो बँकेचा घरचा हिशेब आहे.

शिक्षकांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष जाणवते. त्यांच्यातील कित्येकांचे आयुष्यभराचे कर्जव्यवहार कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेशी झालेले असतात. मुलीचे लग्न, घराची दुरुस्ती, आजारपण, सर्व तेथूनच. हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, म्हणजे चुकण्याचा प्रश्नच नाही. तथापि अशा संस्थांचे व्यवहार सहसा या चार कंपन्यांच्या नोंदींत येत नाहीत. वीस वर्षांच्या बिनचूक परतफेडीचे श्रेय गुणांकात शून्य! उलट बँकेचा अधिकारी पगारपत्रक हातात घेतो, तेव्हा पतसंस्थेची कपात त्यास स्पष्ट दिसते आणि ती तो ऐपतीतून वजा करतो. एकाच कर्जाचा लाभ न मिळता भार तेवढा मोजला जावा, हे कोणास अन्यायाचे वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही.

व्याजाचा दर मात्र उघडपणे गुणांकाला बांधला जाऊ लागला आहे. १९०८ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोदाने २०१७ च्या आरंभी गृहकर्जाचा दर अर्जदाराच्या सिबिल गुणांकाशी जोडला. इतर बँकांतही ही पद्धत रूढ झाली. अशा ठिकाणी गुणांक एका रेषेच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावर दर ठरतो. तेव्हा ‘कोणत्या कंपनीचा गुणांक धरता, आणि रेषा कोठे आहे?’ हा प्रश्न अर्ज भरण्यापूर्वीच अधिकाऱ्यास विचारण्यात संकोच नसावा.

मग फुकट आकडा दाखविणाऱ्यांचा हेतू काय? तो गुप्त नाही. गुणांकाखालीच कर्जाच्या आणि कार्डांच्या जाहिराती असतात आणि त्यांतून व्यवहार झाल्यास दाखविणाऱ्यास मोबदला मिळतो. आकडा खोटा असतो असे नव्हे. कोणत्या तरी एका कंपनीचा, कोणत्या तरी एका दिवसाचा तो खराच असतो. आपला गुणांक आपणच पाहिल्याने तो उतरतो, ही समजूतही निराधार आहे. मात्र ‘आपल्याला किती कर्ज मिळेल ते पाहा’ असे म्हणणारे बटण दाबून चार सावकारांकडे अर्ज गेले, तर त्या चार चौकशा नोंदीत उमटतात आणि थोड्या दिवसांत अशा पुष्कळ चौकश्या झाल्या, की हा मनुष्य पैशासाठी अडला आहे असा अर्थ काढला जातो.

गुणांकापेक्षा ज्यावरून तो काढला तो अहवाल अधिक मोलाचा आहे. गुणांक हे मत आहे. अहवालात घटना असतात. कोणते कर्ज केव्हा घेतले, किती बाकी आहे, आणि मागील ३६ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिन्याचा हप्ता किती दिवस उशिरा पडला, याचा तक्ता त्यात असतो. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा गुणांकासह असा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, अशी रिझर्व्ह बँकेची आज्ञा १ जानेवारी २०१७ पासून अमलात आली. कंपन्या चार, म्हणजे वर्षाला चार अहवाल. मोबाईलवरचा हिरवा रंग पाहून समाधान मानणारे पुष्कळ. हे चार कागद मागवून वाचणारे फारच थोडे.

ज्यांनी कधी कर्जच घेतले नाही, त्यांचा गुणांक निघतच नाही. त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. केवळ कर्जाचा पूर्वेतिहास नाही म्हणून प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बजावले आहे, ही गोष्ट ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत स्पष्ट केली. अशा अर्जदाराची परीक्षा अर्थातच ऐपतीवरून अधिक कसोशीने होते.

आता पुन्हा मडगावकडे. बँकेने जो अहवाल पाहिला त्याची प्रत बँकेकडेच मागण्याचा अधिकार २००५ च्या कायद्याच्या एकविसाव्या कलमाने अर्जदाराला दिला आहे. शिक्षकाने ती मागितली. त्यात दोन गोष्टी अशा निघाल्या, की ज्या ॲपला माहिती पुरविणाऱ्या कंपनीच्या नोंदीत नव्हत्या. पहिली, नऊ वर्षांपूर्वीचे स्कूटरचे कर्ज. ते कधीच फिटले होते आणि ‘नो ड्यूज’चा दाखला कपाटात होता, परंतु नोंदीत खाते अद्याप उघडे आणि शेवटचा हप्ता थकलेला. दुसरी, मावसभावाच्या दुकानासाठी घेतलेल्या कर्जास राहिलेली जामीनकी. शाळामास्तरांचा पगार पक्का म्हणून नात्यागोत्यात जामीन राहण्याची पाळी त्यांच्यावर नेहमीच येते. सही करून मनुष्य विसरतो. नोंद विसरत नाही. मावसभावाचे दोन हप्ते चुकले होते.

स्कूटरची नोंद चुकीची आहे. दाखल्याची प्रत जोडून त्या कंपनीकडे तक्रार केली, की दुरुस्तीस तीस दिवसांची मुदत असते. यांपैकी पहिले एकवीस दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेस आपली माहिती सुधारून पाठविण्यासाठी मिळतात. मुदत टळली, तर ज्याच्याकडून विलंब झाला त्याने दर दिवसास शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी, असा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे. तेवढ्यानेही काम न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. दुरुस्ती झाल्यावर बँकेस नवा अहवाल काढावयास सांगावा आणि दराचा फेरविचार मागावा. विसाराच्या करारात मुदतीची सोय असेल, तर हा महिनाभराचा विलंब परवडतो. नसेल, तर अर्ज करण्यापूर्वीच अहवाल मागविला असता बरे झाले असते, असे दोघांना वाटणारच.

जामीनकीची नोंद मात्र खोडता येणार नाही, कारण ती खरी आहे. मावसभावाने थकलेले दोन्ही हप्ते आज भरले, तरी उशिराचे दिवस त्या ३६ महिन्यांच्या तक्त्यात, महिन्यामागून महिना मागे सरकत, दिसत राहतील.